आप्पांचं लायसन चालतं, माझं नाही

ब्रिटनचं ड्रायव्हिंग लायसन उलटं केलं की मागं एक बारीक तक्ता दिसतो. कुठल्या प्रकारची गाडी, कधीपासून, कधीपर्यंत. मोटारीच्या बी वर्गासमोर १० नंबरच्या रकान्यात एक तारीख असते आणि तिकडं गाडी भाड्यानं देणारा माणूस आधी तीच शोधतो. तुमचा हात किती बसलाय, घाटात किती वर्षं काढली, रात्रीचं कराडवरनं येताना रिफ्लेक्टर नसलेल्या किती उसाच्या ट्रॉल्या चुकवल्या, ह्याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. त्या तारखेच्या आधी तुम्ही गाडीच चालवत नव्हता असं धरायचं.

हे सगळं परत उकरून काढायचं कारण म्हणजे आमच्या शाहूपुरीतल्या गल्लीतला एक पोरगा. सप्टेंबरात लीड्सला चाललाय मास्टर्स करायला. मी ब्रिटनमधनं सुट्टीवर साताऱ्यात आलीय म्हटल्यावर परवा आईला घेऊन आला, म्हणजे खरं तर आईच त्याला घेऊन आली. तिचे प्रश्न वेगळे होते, कुकर न्यायचा का, मेतकूट कस्टमवाले काढून घेतात का, आणि ह्याचा एकच, ताई, इथलं लायसन तिकडं चालतं ना? मी म्हटलं चालतं. आणि चालत पण नाही. त्यावर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की वाटलं एकदा नीट लिहूनच काढावं, नाहीतर दरवर्षी गल्लीतनं कोणीतरी जातंच आणि दरवर्षी मी तेच सांगत बसते.

तर नियम असाय. ग्रेट ब्रिटनमध्ये राहायला गेल्यापासून पहिले १२ महिने आपल्या भारतातल्या लायसनवर मोटार चालवता येते. आपलं स्मार्ट कार्ड इंग्रजीत असतं त्यामुळं अडत नाही, तरीपण आरटीओतनं इंटरनॅशनल परमिट काढून न्यावा असं मी सांगते कारण काही रेंटलवाले मागतात, आणि तिथं काउंटरवर उभं राहून त्यांच्याशी कायदा बोलत बसायला वेळ नसतो. १२ महिने संपले की मात्र तिथं राहणाऱ्या माणसासाठी ते कार्ड संपलं. जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, अगदी झिम्बाब्वेचं लायसनसुद्धा फॉर्म भरून, फी भरून बदलून मिळतं. त्या यादीत भारत नाही. म्हणजे तेराव्या महिन्यात तुम्ही शिकाऊ. हिरवं प्रोव्हिजनल कार्ड, गाडीला पुढं-मागं लाल एल, शेजारी किमान २१ वर्षांचा आणि ३ वर्षं पक्कं लायसन असलेला माणूस. चतुराई ह्यातच की प्रोव्हिजनल आधीच काढून ठेवायचं आणि त्या १२ महिन्यांतच परीक्षा उरकायची, कारण तोवर भारतातल्या लायसनवर एकट्यानं गाडी चालवता येते, एल लावायची पण गरज नसते. हे कळायला तिथल्या भारतीय लोकांचा ग्रुप लागतो, आणि त्या ग्रुपवर निम्मे लोक बरोबर सांगतात, निम्मे छातीठोकपणे चुकीचं सांगतात.

प्रोव्हिजनलला ऑनलाइन ३४ पौंड, थिअरीला २३, प्रॅक्टिकलला ६२, आणि प्रॅक्टिकलची तारीख मिळायला महिनोन्महिने. थिअरीत ५० प्रश्न, ४३ बरोबर पाहिजेत. त्यानंतर कॉम्प्युटरवर १४ व्हिडिओ दाखवतात, रस्त्यावरचे, आणि पुढं धोका तयार होतोय असं वाटलं की क्लिक करायचं. ७५ पैकी ४४ मार्क लागतात. मी पहिल्यांदा घरी सरावाला बसले तर मला धोका दिसायच्या आधीच मी क्लिक करत सुटले होते. पार्क केलेल्या गाड्यांच्या मधनं कुत्रं येणार, क्लिक. फूटपाथवरची बाई काही न बघता रस्त्यात उतरणार, क्लिक. समोरचा न दाखवता वळणार, क्लिक. आणि ते व्हिडिओवाले लोक इतके शहाण्यासारखे वागतात की ह्यातलं बरंच काही होतच नाही. फार वेळा, एका चालीत क्लिक केलं तर त्या व्हिडिओला शून्य मार्क देतात. आता साताऱ्यात खालच्या रस्त्यानं संध्याकाळी सहाला गाडी काढणाऱ्या माणसाला कमी क्लिक कर म्हणजे काय सांगणार तुम्ही.

माझे इन्स्ट्रक्टर ब्रॅडफर्डचे एक चाचा होते, मूळचे मीरपूरकडचे, अर्धं इंग्लिश अर्धं उर्दू. पहिल्या दिवशी मी चांगली अर्धा तास चालवली, गिअर एकदम मऊ, ब्रेक एकदम बेतात, आणि मनात म्हटलं हे आता म्हणणार की बेटा तुला क्लासची गरजच नाही. ते म्हणाले, बेटा, गाडी तो बहुत अच्छी चलाती हो, लेकिन आईने में देखती ही नहीं. आणि खरंच की. आपल्याकडं शिकताना मागचं बघायचं हे कोणी फारसं शिकवतच नाही, मागचा बघून घेईल, आपण पुढचं बघायचं, आणि मागच्याला सांगायचं असेल तर हॉर्न आहेच. तिथं सिग्नल द्यायच्या आधी आरसा, वेग कमी करायच्या आधी आरसा, लेन बदलताना आरसा आणि वर मान वळवून खांद्यावरनं एक नजर. परीक्षक शेजारी बसून हे बघत असतो. ४० मिनिटांच्या परीक्षेत किरकोळ चुका १५ पर्यंत माफ, सोळावी झाली की घरी, आणि एखादी गंभीर झाली तर एकातच घरी. उगीच थांबून राहिलात तरी चूक. राउंडअबाउटवर उजवीकडनं येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, पण जागा असताना गेला नाहीत तर तेही लिहून घेतात.

सगळ्यात अवघड गेलं ते लाइटचं. आपल्याकडं समोरच्यानं अप्पर-डिप्पर मारला की त्याचा अर्थ मी येतोय, तू थांब. तिथं त्यांच्या हायवे कोडात, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, लिहिलंय की मी इथं आहे एवढंच सांगायला लाइट मारा, पण प्रत्यक्षात लोक मारतात तो तू जा म्हणून. म्हणजे बरोबर उलटं. सुरवातीला एका अरुंद गल्लीत समोरच्यानं लाइट मारला, मी थांबले, त्यानं परत मारला, मी आणखी बाजूला घेतली, शेवटी त्यानं हातानं या या केलं तेव्हा उजेड पडला. हॉर्नचं तर विचारूच नका. रात्री साडेअकरा ते सकाळी सात वस्तीत वाजवायचाच नाही असा नियम आहे आणि दिवसा पण कोणी वाजवत नाही. वाजवला तर तो शिवी दिल्यासारखा लागतो लोकांना.

एवढं सगळं करून गुलाबी कार्ड आलं. आता गंमत अशी की पहिल्या वर्षात आम्ही भारतातल्या लायसनवरच गाडी भाड्यानं घेऊन यॉर्क आणि समुद्रावर व्हिटबीला जाऊन आलो होतो. कोणी काही बोललं नाही, लायसन जुनं होतं ना. आणि परीक्षा पास झाल्यावर, त्यांच्याच रस्त्यावर, त्यांच्याच परीक्षकानं शेजारी बसून पास केल्यावर, मी नवशिकी झाले. बहुतेक रेंटलवाल्यांना लायसन किमान एक वर्ष जुनं लागतं, काहींना दोन. कायदा पण नव्या ड्रायव्हरकडं वेगळ्या नजरेनं बघतो, पास झाल्यापासून २ वर्षांत ६ पॉइंट, म्हणजे नियम मोडल्याबद्दल लायसनवर चढवतात ते दंडाचे गुण, पडले तर लायसनच रद्द, परत प्रोव्हिजनलपासून सुरवात. गाडी चालवताना हातात फोन सापडला तर एका दणक्यात ६ पॉइंट पडतात. ते मला मान्य आहे, त्यात काही चुकीचं नाही.

तर मे महिन्याच्या शेवटी आई आणि आप्पा आले होते आमच्याकडं. तिकडं तेव्हा सोमवारची बँक हॉलिडे असते, लाँग वीकेंड, आणि मी लेक डिस्ट्रिक्टला, म्हणजे उत्तर इंग्लंडातल्या डोंगर-तळ्यांच्या भागात, जायचं ठरवलेलं. गाडी ऑनलाइन बुक केली, चेक कोड काढला. हा चेक कोड म्हणजे लायसनची सगळी कुंडली दुसऱ्याला बघता यावी म्हणून सरकारी साइटवरनं काढायचा, २१ दिवस चालतो. पूर्वी लायसनबरोबर एक कागद असायचा तो २०१५ साली बंद झाला, त्याच्या जागी हा. काउंटरवरच्या मुलीनं कोड टाकला, स्क्रीनकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की तुमच्या लायसनला वर्ष झालं नाही, सॉरी. मी पर्समधनं एमएच ११ चं कार्ड काढलं. हे बघा, ह्याच्यावर तारीख बघा, कॉलेजात असल्यापासून चालवतीय. ती म्हणाली हो, पण तुम्ही इथं राहता, ते इथं आता चालत नाही. नवऱ्याचं काय? नवऱ्याचं माझ्यापेक्षा नवीन.

आप्पा मागं बॅगांवर हात ठेवून उभे. म्हणाले, "काय म्हणतीया ती?"

मी सांगितलं. त्यांनी पाकिटातनं आपलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं, सहज, म्हणजे हे उपयोगी पडतंय का बघ ह्या हिशेबानं. मुलीनं कार्ड घेतलं, पासपोर्ट बघितला, व्हिसा बघितला. कार्डावर १९८६ ची तारीख. तिचा चेहराच बदलला. पाहुणे म्हणून आलेत, भारतातलं लायसन आहे, इतकी वर्षं झालीत, मग हे चालवू शकतात की, ह्यांच्या नावावर देते.

"म्हंजी मी चालवायची आन् तू न्हाय?" आप्पा म्हणाले. "आगं मी हितं रस्ता वलांडाय बी भितोय."

आता आप्पा कोण ते सांगायला पाहिजे. आमचे आप्पा सातारा-मेढा वडाप चालवायचे. आधी कमांडर, नंतर ट्रॅक्स. ज्यांना वडाप माहिती नाही त्यांना कसं सांगायचं, एसटी यायच्या आधी स्टँडच्या बाहेरनं सुटते ती जीप, भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली असं कधी म्हणत नाहीत. मागं माणसं, वर टपावर दुधाचे कॅन आणि पोती, फुटबोर्डावर कॉलेजची पोरं, आणि ड्रायव्हरच्या उजव्या हाताला पण एक माणूस, त्यामुळं आप्पा अर्धे सीटवर आणि अर्धे गिअरवर बसून चालवायचे. यात्रेच्या वेळी, लग्नसराईत बामणोलीपर्यंत भाडं घ्यायचे, म्हणजे यवतेश्वरचा घाट चढून, कासवरनं पुढं खाली कोयनेच्या पाण्यापर्यंत, पावसाळ्यात धुकं असं की बोनेट दिसायचं नाही. आयुष्यात अॅक्सिडेंट नाही. आणि आयुष्यात कधी कुठल्या राउंडअबाउटला उजवीकडच्याला आधी जाऊ दिलेलं नाही. ग्रेड सेपरेटर व्हायच्या आधीचा पोवई नाका ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल की तिथं कोणी कोणाला जाऊ देत नसतं, जो गेला तो गेला.

तरी गाडी मिळाली नाहीच, कारण डिपॉझिट. गाडी ज्याच्या नावावर त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, आणि आप्पांच्या पाकिटात आमच्या इथल्या बँकेचं डेबिट कार्ड, त्याच्यावर रूपे लिहिलेलं. मुलीनं ते दोन्ही बाजूंनी बघितलं. सॉरी. शेवटी दुसऱ्या दिवशी घराजवळच्या एका छोट्या गॅरेजवाल्यानं दिली, पैसे आणि कार्ड माझं, ड्रायव्हर म्हणून नाव आप्पांचं. ही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, की नियम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, वर्षाचा पण आणि कार्डाचा पण, आणि छोट्या माणसाशी बोलता येतं. मोठ्या काउंटरवर बोलता येत नाही, तिथं स्क्रीन जे म्हणेल ते.

डिपॉझिट म्हणजे पैसे कापत नाहीत, कार्डावर अडवून ठेवतात. मांडववाला पातेल्यांचं डिपॉझिट ठेवून घेतो तसंच, पातेलं चेपलं की कापलं. इन्शुरन्स भाड्यातच असतो पण त्यात एक्सेस असतो, म्हणजे नुकसान झालं तर पहिले हजार-बाराशे पौंड तुमचे आणि त्याच्या वरचे त्यांचे. काउंटरवर तो एक्सेस शून्य करायला रोजचे वेगळे पैसे सांगतात, आणि घाबरलेलं माणूस हो म्हणून जातं. तोच विमा बाहेरनं आधी ऑनलाइन घेतला तर पुष्कळ स्वस्त पडतो, फक्त मग नुकसान झालं तर आधी आपण भरायचे आणि नंतर मागायचे. हे सगळं मी आप्पांना सांगत होते आणि ते गाडीभोवती फिरत होते. मी मोबाईलवर प्रत्येक स्क्रॅचचा फोटो काढला, रिमचे पण. आप्पांनी टायर बघितले, खाली वाकून ऑइल गळतंय का बघितलं, बोनेट उघडायला लावलं. गॅरेजवाला म्हणे तुमचे वडील मेकॅनिक आहेत का.

मग आत बसले आणि म्हणाले, "हँडब्रेक कुठाय?"

हँडब्रेक नव्हता. एक बटण होतं. आप्पा त्या बटणाकडं बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी ते दाबून सोडून, दाबून सोडून बघितलं, गाडी चढावर लावून बघितली, उतारावर लावून बघितली, आणि मग कुठं म्हणाले, चला.

मी शेजारी बसले चाचांसारखी. आप्पा, आरसा. आप्पा, डावीकडची लेन. आप्पा, इथं ३० आहे, आणि हे ३० मैल आहेत, किलोमीटर नव्हे. पहिल्या राउंडअबाउटला मी डोळे मिटणार होते पण ते थांबले, उजवीकडच्या चार गाड्या जाऊ दिल्या, पाचवी पण जाऊ दिली, मागच्यानं तोवर लाइट मारला. स्किप्टन येईपर्यंत त्यांना कळलं होतं काय ते. म्हणाले, "हितं सोपंय गं. समदी ठरल्यागत वागत्यात." केंडल येईपर्यंत तर आई मागं झोपली पण होती, आणि आई आप्पांच्या गाडीत झोपते म्हणजे सगळं ठीक आहे असं आमच्या घरात समजतात.

आता हार्डनॉट पास. हा लेक डिस्ट्रिक्टमधला घाट, रस्ता एक गाडी जाईल एवढाच, आणि चढ काही ठिकाणी ३ ला १, म्हणजे तीन फूट पुढं गेलं की एक फूट वर. सुरवातीलाच बोर्ड आहे, रस्ता अरुंद, वळणं कडक, चढ ३० टक्के, कॅरॅव्हॅन आणू नका. खरं तर तिथनं जायची गरजच नव्हती, पण आप्पांनी तो बोर्ड वाचून घेतला माझ्याकडनं आणि मग दुसरा रस्ता घेणं शक्यच नव्हतं. आधी रायनोज पास लागतो, तो चढून उतरलो, आणि मग हार्डनॉट. पहिला गिअर, काचा खाली, आवाज ऐकायला. काचा खाली घ्यायची सवय आमच्याकडची, समोरनं गाडी येतीय का ते डोळ्याच्या आधी कानाला कळतं. वळणावर हात आपोआप हॉर्नवर गेला, ह्या वेळी मी काही बोलले नाही, तिथं वाजवणं बरोबरच होतं. रस्त्यावर मेंढ्या, करड्या रंगाच्या, काळी पिल्लं, त्या काही हलत नाहीत.

मधल्या वळणाला वरनं एक मोठी गाडी आली आणि समोर थांबली. नियम दोन्हीकडं सारखाच आहे, चढणाऱ्याला वाट द्यायची, हायवे कोडात पण तेच लिहिलंय आणि यवतेश्वरला पण तेच. म्हणजे मागं त्यांनी जायचं होतं, आणि त्यांच्या मागं वीसेक फुटांवर रस्ता रुंद केलेली जागा होती. पण स्टिअरिंगवरच्या बाईनं दोन्ही हातांनी चाक असं धरलेलं की तिला काही सुचत नव्हतं. शेजारचा माणूस तिला काहीतरी समजावत होता, हातवारे करून. आप्पांनी अर्धा मिनिट बघितलं. मग म्हणाले, "भ्यालीय ती. त्यो शेजारचा गप बसंल तर तिला जमंल." आणि गाडी रिव्हर्सला टाकली. त्या उतारावर, ते बटण न वापरता, क्लच आणि ब्रेकवर, मान पूर्ण मागं वळवून, मेंढ्या टाळत, खालच्या पासिंग प्लेसपर्यंत मागं आले आणि चाकं अगदी गवताच्या कडेला नेऊन लावली. ती बाई खाली आली, काच खाली करून थँक यू म्हणाली, दोनदा. आप्पांनी स्टिअरिंगवरनं एक बोट वर केलं. ते बोट मात्र जगात सगळीकडं चालतं बहुतेक.

वर पोचल्यावर थांबलो. पलीकडं उताराला रोमन लोकांचा किल्ला आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, आता नुसत्या कमी उंचीच्या भिंती राहिल्यात, आप्पा म्हणाले एवढाच होय, आणि अजिंक्यताऱ्याचं काहीतरी बोलायला लागले. आईनं डबा काढला. थालीपीठ खाऊन झाल्यावर आप्पांनी किल्ली काढली आणि माझ्यापुढं धरली. "उतार तू घे."

तुम्हाला ह्यातलं काय ते कळायचं नाही, म्हणून सांगते. मी साताऱ्यात शिकले, मोटार ट्रेनिंग स्कूलच्या डबल ब्रेकच्या मारुती ८०० वर, नंतर आप्पांच्याच गाडीवर. हायवेला मी चालवायचे, पुण्याला मी चालवत न्यायचे, पण घाट आला की आप्पा गाडी बाजूला घ्यायला लावायचे. खंबाटकी असो नाहीतर यवतेश्वर. आप्पा नसतील तर भाऊ, भाऊ नसेल तर मामेभाऊ, ज्याला लायसन मिळून सहा महिने पण झालेले नसायचे. कोणी वाईट बोलायचं नाही, भांडण नाही, फक्त किल्लीसाठी हात पुढं यायचा, घाटात दे त्याच्याकडं. लग्नानंतर नवऱ्याकडं यायला लागली ती किल्ली, आणि नवऱ्याला गाडी माझ्याइतकी येत नाही हे तो स्वतःच सगळ्यांना सांगतो. तर त्या मुलीनं काउंटरवर माझी वर्षं मोजली नाहीत म्हणून मी घरी येऊन चांगलीच चिडले होते, आणि आप्पांनी ते सगळं गप ऐकून घेतलं होतं. त्यावर काही बोलले नव्हते. किल्ली पुढं केली हेच त्यांचं बोलणं, मी असं धरते.

आणि मला घेता येत नव्हती. भाड्याच्या कागदावर ड्रायव्हर म्हणून एकच नाव, त्यांचं. दुसऱ्या कोणी चालवली आणि काही झालं तर इन्शुरन्स नाही, आणि विनाइन्शुरन्स गाडी चालवली तर तिथं ६ ते ८ पॉइंट, म्हणजे माझं नवं कोरं लायसन तिथंच संपलं असतं. मी समजावून सांगितलं. त्यांना पटलं नाही, हितं कोण बघतंय, फकस्त मेंढरं हायेत. मी म्हटलं आप्पा नको. मग त्यांनी स्वतः उतरवली, पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला जेमतेम पाय लावत, आणि खाली पोचेपर्यंत मी त्यांना एकदाही आरसा म्हटलं नाही.

ह्या वर्षाच्या नियमावर माझं काय मत आहे, तर तो मूर्खपणाचा नाही, आळशीपणाचा आहे. विम्यावाल्याला प्रत्येकाच्या शेजारी बसून बघता येत नाही, त्याला एक आकडा पाहिजे, तारीख हा सगळ्यात सोपा आकडा. नवीन पास झालेली तिथली अठरा वर्षांची पोरं कशी चालवतात ते मी बघितलंय, त्यांना वर्षभर गाडी देऊ नये हे मलाही पटतं. पण माझ्यासारख्यांची दोन्ही कार्डं एकत्र वाचायला किती वेळ लागतो? गाडी विकत घेतली तर इन्शुरन्सचं पण तेच, भारतातला नो क्लेम बोनस बहुतेक कोणी मोजत नाही, हप्त्याचा पहिला कोट बघून आम्ही लॅपटॉप बंद करून जेवायला बसलो होतो. पण तेवढंच खरं हे पण आहे की आरसा मला तिथंच कळला. साताऱ्यात राहिले असते तर अजून मागच्यानं बघून घ्यावं म्हणूनच चालवत असते.

परवा कासला गेलो, फुलं अजून यायची होती पण धुकं होतं. आप्पांनी अंगणातच किल्ली माझ्याकडं टाकली. भावानं सवयीनं हात पुढं केला होता, आणि तो तसाच अधांतरी राहिला. यवतेश्वरच्या पहिल्या वळणाला आप्पा ओरडले, "हॉर्न! हॉर्न दे की!" कारण मी दिलाच नव्हता, इतकी सवय गेलीय. पूर्ण घाटभर ते शेजारी बसून हॉर्न हॉर्न करत होते आणि मी आरशात बघत होते, आणि मागं एक मोटारसायकलवाला दोन्ही बाजूंनी ओव्हरटेक करायची जागा शोधत होता तो मला दिसत होता, पूर्वी दिसला नसता.

शाहूपुरीच्या पोराला मी एवढंच सांगितलंय, जाताना परमिट काढ, गेल्या गेल्या प्रोव्हिजनलचा अर्ज टाक, थिअरी पहिल्या सेमिस्टरलाच उरक, प्रॅक्टिकलची तारीख मिळेल तिथली घे. पास झाल्या दिवसापासून तुझं तिथलं वर्ष चालू होतंय, जेवढं लवकर चालू होईल तेवढं बरं, आणि ते होईपर्यंत फिरायचं असेल तर कोणीतरी वर्षवाला शोध. तो म्हणाला तुम्ही आहात की ताई. आहे की. माझ्या कार्डाला आता वर्ष झालंय, ऑक्टोबरात स्कॉटलंडला जायचंय, गाडी बुक केलीय, काउंटरचीच, त्याच काउंटरची मुद्दाम. नवऱ्याचं वर्ष डिसेंबरात होतंय, त्यामुळं चारही दिवस, ग्लेन कोचे सगळे घाट धरून, ड्रायव्हर मी एकटीच. सासूबाईंना फोनवर हे कळल्यावर त्या म्हणाल्या, अगोबाई, मग तो काय करणार? तो म्हणाला, मी झोपणार, आणि दुसऱ्या ड्रायव्हरचे रोजचे पैसे लावतात ते पण वाचले.